पुसलेली पृथ्वी

ओडेसा बतीस्तच्या हाताखालून गेलेला फोटो अकरा वर्षांत एकदाही परत आला नव्हता. ही गोष्ट ती आपणहून कुणाला सांगत नसे, पण विषय निघाला तर ऐकवल्याशिवाय सोडतही नसे. आणि विषय निघावा याची ती थोडीफार तजवीज करायची, हेही खरं.

तिचं काम डाग भरण्याचं. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की प्रिंटवर तिथे पांढरा ठिपका उमटतो. तो अगदी बारीक कुंचल्याने असा भरायचा, की तिथे ठिपका होता हे देवालाही आठवू नये. काळ्या-करड्या रंगाच्या वड्या, बशीत पाणी, डोळ्याला भिंग, आणि कुंचल्याला टोक यावं म्हणून तो मधूनमधून ओठांत धरायचा. पहिली पाच वर्षं तिने ह्यूस्टनमधल्या काळ्या लोकांच्या वस्तीत, फिफ्थ वॉर्डात, लायन्स अव्हेन्यूवरच्या एका स्टुडिओत नवरीमुलींच्या गालांवरचे डाग भरले. पुढची सहा वर्षं ह्यूस्टनच्या दक्षिणेला, जिथून अवकाशातल्या माणसांशी बोलतात त्या केंद्राशेजारच्या लॅबमध्ये चंद्राच्या गालांवरचे.

"चंद्र बरा," ती म्हणायची. "त्याची आई येऊन भांडत नाही, की माझी पोर एवढी काळी नाही म्हणून."

लॅबमध्ये डाग भरणाऱ्या दोघीच. एका टेबलाशी ओडेसा, दुसऱ्याशी विल्मा स्कॅग्ज. विल्मा गोरी, साठीला टेकलेली, स्वभावाने गरीब. तिला सगळे 'मिसेस स्कॅग्ज' म्हणत. ओडेसाला सगळे नुसतं 'ओडेसा' म्हणत, परवा कामाला लागलेला दरवानसुद्धा. संडासांच्या दारांवरच्या वेगवेगळ्या पाट्या कायद्याने उतरल्या होत्या. जिभेवरच्या पाट्या उतरवणारा कायदा अजून कुणी केला नव्हता.

नाताळ झाला. तीन माणसं चंद्राला फेऱ्या घालून आली आणि समुद्रात सुखरूप पडली. त्यांनी आणलेली फिल्म दोन दिवसांत लॅबमध्ये पोचली आणि सगळ्यांची झोप उडाली. नेमकं याच आठवड्यात क्रेनेकने निगेटिव्ह पुसायचं जुनं कापड बंद करून नवं मागवलं होतं. क्रेनेक हा विभागाचा साहेब. माणूस दुष्ट नव्हता, पण आपण केलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे सुधारणा, असा त्याचा ठाम समज होता. नव्या कापडाचे तंतू सुटायचे. खाली डार्करूममधून येणाऱ्या प्रत्येक प्रिंटवर पांढरी कुसळं पसरलेली असायची, आणि ती भरता भरता दोघी बायकांच्या माना मोडायच्या.

"कापड चांगलं आहे," क्रेनेक म्हणायचा. "तुम्हाला सवय नाही, एवढंच."

"सवय तंतूंना व्हायला हवी, मिस्टर क्रेनेक," ओडेसा म्हणाली. "आम्ही तर भरतोच आहोत."

सोमवारी दुपारी चौदा नंबरच्या फ्रेमच्या वीस प्रती तिच्या टेबलावर आल्या. मोठ्या, भिंतीवर लावायच्या मापाच्या, काळ्या-पांढऱ्या. खाली चंद्राची खडबडीत जमीन, वर डांबरासारखं आभाळ. मंगळवारी तीन वाजता केंद्रात मीटिंग होती, तिथे शास्त्रज्ञांना आणि वरच्या साहेबांना एकेक प्रत द्यायची होती, आणि मग तोच फोटो वर्तमानपत्रांकडे जायचा होता. जिथे जमीन संपते आणि आभाळ सुरू होतं तिथे, बरोबर त्या कडेवर, एक बारीक, वाकडं, पांढरं कुसळ होतं. नखाचा तुकडा कापून टाकावा तसं. आणि ते वीसच्या वीस प्रतींवर एकाच जागी होतं.

एकाच जागी म्हणजे तंतू निगेटिव्हलाच चिकटलेला. अशा वेळी खाली चिठ्ठी पाठवायची, निगेटिव्ह तपासून घ्यायचं, हा नियम. ओडेसाने चिठ्ठी लिहायला घेतली तेवढ्यात क्रेनेक मागे येऊन उभा राहिला.

"चिठ्ठ्या कसल्या लिहितेस? खाली त्यांना श्वास घ्यायला वेळ नाही. भर आणि सोड."

"बघून तरी घेऊ द्या."

"काय बघायचंय? आठवडाभर दुसरं काय बघतेयस?"

हे मात्र खरं होतं. आठवडाभर तिने तंतूच बघितले होते. तिने कुंचला ओठांत धरला, टोक काढलं आणि भरलं. वर काळं, खाली चंद्राच्या जमिनीचा करडा, मध्ये कड अशी जुळवलेली की सांधा कुठे आहे ते तिचं तिलाही सापडू नये. वीस वेळा. क्रेनेकने शेवटची प्रत उजेडाकडे धरली.

"झकास! आता कसं आभाळ आभाळासारखं दिसतंय."

संध्याकाळी जेवताना अल्सीडने, तिच्या नवऱ्याने, भातावर गंबोचा दाट रस्सा वाढून घेत विचारलं, "आज काय केलंस चंद्राचं?" तो बंदरावर कापसाच्या गासड्या चढवायचा आणि बायकोच्या कामाची त्याला मोठी मौज वाटायची.

"नीटनेटका केला. वीसदा," ती म्हणाली आणि हसली. खरोखर समाधानाने हसली. तंतू वाईट होते, पण भरणं पहिल्या प्रतीचं झालं होतं.

मंगळवारी सकाळी साडेआठला तिच्या टेबलावर सतरा नंबरच्या फ्रेमचा एकच नमुना आला. पंधरा आणि सोळा हललेल्या होत्या, त्या खालीच बाद झाल्या. सतरावरही तंतू असतील म्हणून तिने सवयीने भिंग लावलं, आणि तिचा हात बशीवर तसाच थांबला.

तीच जमीन. तेच काळं आभाळ. कडेवर तीच एक वाकडी टेकडी, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखी, जी कालपासून तिला तोंडपाठ होती. आणि टेकडीच्या उजव्या अंगाला, काल जिथे कुसळ होतं तिथे, आता अर्धा गोल वर आला होता. वरून गोलाई, खालून चंद्राच्या कडेने कापलेला. त्याच्यावर पांढऱ्या ढगांचे फराटे, मधून करडे पट्टे.

कापसाचा तंतू वाढत नाही.

तिने कपाटातून चौदा नंबरची लहान प्रत काढली, कुंचला न लागलेली. भिंग लावलं. धुळीची सावली कागदावर कोरी पांढरी उमटते, तिच्यात दाणे नसतात, कारण तिथे उजेड पोचलेलाच नसतो. चित्राला दाणे असतात. नखाएवढ्या त्या कुसळात दाणे होते. बारीक, एकसारखे, बाजूच्या चंद्रावर होते तसेच.

आपण पृथ्वी पुसली. एकदा नाही, वीसदा. आणि झकास पुसली.

पहिल्यांदा तिला लाज वाटली, चारचौघांत पदर सुटावा तशी. अकरा वर्षं जे मिरवलं ते एका दिवसात पाण्यात गेलं होतं. मग ती पुन्हा सतराकडे बघू लागली, कारण नजर निघेना. ह्यूस्टन कुठे आहे ते कळत नव्हतं, फिफ्थ वॉर्ड कुठे ते तर नाहीच. पण होतं. त्याच्यातच होतं. अल्सीड त्याच्यात होता, लुइझियानात ओपलूससला पुरलेली तिची आई त्याच्यात होती, आणि क्रेनेकही त्याच्यात होता, त्याला इलाज नव्हता. इतकं सगळं आपण एका कुंचल्याच्या टोकाखाली घातलं, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. ते लक्षात न येणं तिला जास्त झोंबलं.

ती दोन्ही प्रती घेऊन क्रेनेकच्या खोलीत गेली.

"मिस्टर क्रेनेक, चौदा परत घ्यावा लागेल. ते कुसळ नव्हतं. पृथ्वी होती."

क्रेनेक हसला. "सकाळी सकाळी काय घेऊन आलीस?"

"भिंग लावा आणि बघा. दाणे बघा."

त्याने बघितलं. आधी एक, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. त्याचे कान लाल झाले. तो उठला, खोलीचं दार लावलं, परत येऊन बसला.

"कुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच सांगतेय. वीस प्रिंट नव्याने काढायला दोन तास लागतील. तंतू असले तर मी भरून देते. तीनच्या आत सगळं होतं."

"आणि वर काय सांगू? काल पाठवलेल्या प्रती परत का मागवल्या?"

"चूक झाली म्हणून सांगा."

"चूक कशी झाली विचारतील. तंतू कुठून आले विचारतील. कापड कुणी बदललं विचारतील." शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निसटलं, आणि निसटलं हे दोघांनाही कळलं. त्याने आवाज खाली आणला. "हे बघ, ओडेसा. चौदा सगळ्यांना आवडलाय. स्वच्छ फोटो. कोण म्हणतंय त्यात काही कमी आहे म्हणून? भानगड आहे ती या सतराची. दोन्ही शेजारी ठेवले की कुणालाही कळेल. मग सतरा ठेवायचा नाही. बाद कर. हललाय म्हणून चिठ्ठीवर लिही आणि खाली तुझी सही कर."

टेबलावर आलेल्या फ्रेमच्या बाद चिठ्ठीवर सही डाग भरणारीचीच लागायची. तिच्या सहीशिवाय चांगली फ्रेमही जायची नाही आणि वाईटही जायची नाही. त्या लॅबमध्ये ओडेसाच्या नावाला एवढ्या एकाच जागी किंमत होती.

"तो हललेला नाही," ती म्हणाली.

"तू लिहिलंस की हललेला."

"आणि पृथ्वी?"

"पृथ्वी कुठे जातेय? इथेच आहे ना पायाखाली." तो स्वतःच्याच विनोदावर थोडासा हसला. मग पुढे वाकून, जवळच्या माणसासारखा बोलला. "तुझीच चूक आहे, आणि मी तुलाच वाचवतोय. तुझा फोटो आजवर परत आलेला नाही. तसंच राहू दे. दोन वाजेपर्यंत चिठ्ठी दे. नाही दिलीस तर तुझ्या जागी कोण बसवायचं ते मी बघतो. रांग आहे बाहेर."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे क्रेनेकला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ओडेसालाही एक क्षण ती मूठ झाकलेली बरी वाटली. एक सही. अकरा वर्षं कोरी राहतील, नोकरी राहील, चौदा नंबर चंद्र देशभर स्वच्छ म्हणून मिरवेल. ती काही संत नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत तिने विल्माला सांगितलं. विल्मा अंड्याचं सँडविच हातात धरून ऐकत राहिली आणि मग तिने ते कागदावर परत ठेवलं.

"सही कर गं बाई," ती म्हणाली. "क्रेनेक वाईट नाही, पण घाबरलेला माणूस वाईटच. एक पांढरी रेघ आहे ती. कोण शोधणार आहे?"

"मिसेस स्कॅग्ज, तुमच्या नातवाच्या बारशाचा फोटो मी भरला होता, आठवतं?"

"आठवतं की."

"त्यात बाळच मी पुसलं असतं, डाग समजून, तर?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? तेही बाळ त्याच रेघेत आहे."

विल्माने सँडविच कागदात गुंडाळलं. मग हळूच म्हणाली, "तुझं खरं आहे. पण खरं बोलायला माझ्यासारखीला सोपं. मला काढलं तर मी घरी बसेन. तुला काढलं तर दुसरीकडे कोण घेईल? विचार कर."

ओडेसा डब्यातल्या लाल घेवड्यात चमचा फिरवत बसली. विचारच करत होती. तिच्या धंद्याची गंमत अशी, की काम चांगलं झालं की ते दिसत नाही. ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी ते वाईट झालेलं असतं. अकरा वर्षं ती असं काम करत होती ज्यात आपण होतोच नाही असं लोकांना वाटलं पाहिजे. आणि आज पहिल्यांदा कुणी तिची सही मागत होतं, तीही तिथे काही नव्हतंच असं लिहून देण्यासाठी. तिला एकदम राग आला. क्रेनेकचा आला, पण त्याहून जास्त स्वतःचा, सकाळपासून सही करायच्या विचारात बसलेल्या स्वतःचा. तिने डबा बंद केला.

"बघा मिसेस स्कॅग्ज, पुसायचं काम मी पोटासाठी करते," ती म्हणाली. "पुसलंच नाही असं खोटं बोलायचं काम मी कुणासाठी करत नाही."

दोन वाजता तिने क्रेनेकच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. त्याने हसतमुखाने उचलली आणि वाचता वाचता त्याचं हसू मावळलं. तिने छान अक्षरात लिहिलं होतं: 'सतरा नंबर उत्तम. चौदा नंबर खराब. मी खराब केला. मिसेस ओडेसा बतीस्त.'

त्याने चिठ्ठीचे चार तुकडे केले. तिच्या हातातले दोन्ही नमुने घेतले, टेबलाच्या खणात टाकले, खणाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.

"जा घरी," तो म्हणाला. "आजचा दिवस भरला. उद्या येऊ नकोस. आणि कुणाला काही सांगायचं असेल तर खुशाल सांग. कशावरून सांगशील? हातात काय आहे तुझ्या?"

तिने आपल्या हातांकडे बघितलं. उजव्या अंगठ्याच्या नखात कालचा काळा रंग अजून होता. ती बाहेर आली, कोट चढवला, पर्स खांद्याला लावली. विल्माने मान वर केली नाही, पण तिचा कुंचला हवेतच थांबला होता.

मीटिंग समोरच्या इमारतीत होती. मध्ये हिरवळ, त्यावर डिसेंबरचं सौम्य ऊन. लॅबच्या लोकांनी तिकडे जायचं ते मागच्या दाराने, पाकिटं पोचवून परत यायचं. ओडेसा सहा वर्षं मागच्या दाराने गेली होती. आज ती तीन वाजेपर्यंत लॅबबाहेरच्या बाकावर बसली आणि मग हिरवळ तुडवत सरळ पुढच्या दाराशी गेली. दरवानाने हात आडवा केला.

"ओडेसा, इकडून कुठे? मागून जा ना."

"मागून खूप वेळा गेले. आज घाईत आहे," ती म्हणाली आणि त्याच्या हाताखालून वाकून आत गेली. तो 'अगं, अगं' करत राहिला. बिल्ला तिच्या कोटावर होता, त्यामुळे धरायचं कशासाठी हे त्याला झटकन सुचलं नाही.

लांब टेबलाभोवती वीसेक पुरुष बसले होते, प्रत्येकापुढे चौदा नंबरची एकेक प्रत. भिंतीवरच्या फळीला मात्र एकही नव्हती. ती लावण्यासाठी आपली प्रत हातात घेऊन एक उंच, टकलू माणूस उभा होता. ते डॉक्टर थॉर्नबर, दगडांचे शास्त्रज्ञ. चंद्रावर कुठे उतरायचं ते ठरवणाऱ्यांपैकी एक. क्रेनेक कोपऱ्यात खुर्चीवर होता. तिला बघून तो असा उठला, की खुर्ची मागे पडली.

"ओडेसा! बाहेर हो."

"होते. काम झालं की लगेच होते." ती थॉर्नबरांपुढे जाऊन उभी राहिली. "डॉक्टर, हा फोटो खोटा आहे. मी खोटा केलाय. यातली एक गोष्ट मी काल पुसली."

खोलीत कुणीतरी हसलं. कुणीतरी विचारलं, ही कोण आहे. क्रेनेक पुढे आला.

"साहेब, माफ करा. हिला आजच कामावरून काढलंय. डोकं फिरलंय हिचं. फोटोत काही नाही, तुम्हीच बघा ना."

थॉर्नबरांनी बघितलं. भलतंच निरखून बघितलं. ते दगड बघणारे होते, त्यांना घाईने बघता येत नसे. "मला तर काही दिसत नाही," ते म्हणाले.

"दिसणार नाही," ओडेसा म्हणाली. "मी भरलंय ते."

थोडी घमेंड त्या वाक्यात आलीच, एवढ्या प्रसंगातही. काय करणार, खरंच होतं ते.

तिने उजवा अंगठा तोंडात घातला. शाळेत निघालेल्या पोराच्या गालावरचा डाग आई जसा पुसते, तसा तो ओला अंगठा तिने फोटोवर, वाकड्या टेकडीच्या उजव्या अंगाला टेकवला.

"थुंकी लावतेय फोटोला!" क्रेनेक ओरडला. "अडवा तिला!"

कुणी अडवलं नाही. थॉर्नबरांनी फोटो खाली घेतला नाही, उलट तिला सोपं जावं म्हणून थोडा तिरका धरला. तिने अंगठा फिरवला. काळा रंग आधी ओघळला, मग करडा झाला. तिने पुन्हा अंगठा ओला केला, पुन्हा फिरवला, या वेळी हलक्या हाताने, खालून वर. काळ्या आभाळाच्या कडेवर एक बारीक पांढरी कमान उगवली. नखाएवढी. तिने कोटाच्या बाहीने कड टिपली.

खोलीतलं हसणं थांबलं होतं.

"कापसाचा तंतू असेल," टेबलाच्या पलीकडून एकजण म्हणाला, पण त्याच्या स्वरात दम नव्हता.

"काल मलाही तसंच वाटलं. म्हणून तर पुसलं," ओडेसा म्हणाली. "भिंग लावा. तंतूला दाणे नसतात, याला आहेत. उजेड कुठून येतोय बघा, आणि खड्ड्यांच्या सावल्या कुठे पडल्यात बघा. जुळतंय. त्याहून पक्कं हवं असेल तर सतरा नंबरची फ्रेम मागवा. तिच्यात ही अर्धी वर आलीय, ढगांसकट. ती मिस्टर क्रेनेक यांच्या टेबलाच्या खणात आहे. किल्ली त्यांच्या खिशात आहे."

सगळ्या माना कोपऱ्याकडे वळल्या. क्रेनेकचा हात आपसूक खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

थॉर्नबरांनी खिशातून भिंग काढलं. फोटो टेबलावर ठेवून वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. मान वर केली तेव्हा त्यांनी फोटोकडे नाही, तिच्याकडे बघितलं.

"हे तुम्ही आम्हाला सांगितलं नसतं तर कुणालाच कळलं नसतं," ते म्हणाले. "तुमचं नाव काय?"

'तुम्ही' हा शब्द त्या खोलीत पडलेला सगळ्यांनी ऐकला. दारापाशी पोचलेल्या दरवानानेही ऐकला.

"मिसेस बतीस्त."

"मिसेस बतीस्त, तुम्हाला काढलंय म्हणे."

"उद्यापासून."

"ते मी बघतो. तुम्हाला परत—"

"ते नंतर," ती म्हणाली. "आधी एक सांगा. वर्तमानपत्रांकडे कुठला फोटो जाणार?"

थॉर्नबरांनी टेबलावरच्या साहेबांकडे बघितलं. साहेब लोक एकमेकांकडे बघू लागले. एक पिकल्या मिशांचा गृहस्थ घसा खाकरून म्हणाला, "आता वेळ फार कमी आहे. मीटिंग संपली की याच प्रती वर्तमानपत्रांकडे जायच्यात. एवढ्या बारीक रेघेसाठी पुन्हा सगळं..."

"तुम्ही त्या रेघेत बसलायत," ओडेसा म्हणाली.

मग त्या गृहस्थाला काय वाटलं कोण जाणे, त्याने आपल्या पुढ्यातली प्रत जवळ ओढली, टेकडी शोधली आणि चोरटेपणाने आपला अंगठा जिभेला लावला.

"ए! हात लावू नका!" ओडेसा अशी कडाडली, की त्याने अंगठा तोंडातच ठेवला. तिने पर्स टेबलावर ठेवली, कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, आणि थॉर्नबरांच्या रिकाम्या खुर्चीवर, लांब टेबलाच्या अगदी मधोमध, ती बसली. "आभाळाला डाग पडतील तुमच्या हाताने. ते माझं काम आहे. उरलेल्या एकोणीस इकडे सरकवा."

एकोणीस माणसांनी सरकवल्या.